रिकामी झालेली जागा घरच्या खेळाडूला मिळावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदर्भाने ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर शेष भारताला ९३ धावांनी हरवून, रणजी विजेता आणि शेष भारत यांच्यात खेळला जाणारा इराणी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. अथर्व तायडेच्या १४३ धावांचे आणि हर्ष दुबेच्या फिरकीचे सर्वत्र कौतुक झाले व ते रास्तच होते. परंतु संघाची यादी बारकाईने वाचणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवली असेल. त्याच वर्षी मार्चमध्ये रणजी करंडक, म्हणजे राज्य संघांची देशातील मुख्य स्पर्धा, जिंकणाऱ्या संघात अन्य राज्यांतून आलेले दोन फलंदाज होते. त्यांपैकी करुण नायर आपल्या कर्नाटकाकडे परत गेला आणि ध्रुव शोरी तेवढा राहिला. रणजीचा २०२५-२६ चा नवा हंगाम तोंडावर आला असताना करुणच्या जागी बाहेरून कोणाला आणावे, ही चर्चा आमच्याकडे पानटपरीपासून शाळेच्या शिक्षकदालनापर्यंत ऐकू येते. त्या जागी कोणालाही आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागची कारणे आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा पत्रप्रपंच.

मी पाहुण्या खेळाडूंच्या विरोधात नाही, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण या विषयावर बोलू लागले की लोक लगेच भूमिपुत्रांचा झेंडा हाती घेतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. विदर्भाचे क्रिकेट पाहुण्यांनी घडवले आहे. २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचा बद्रीनाथ आपला कर्णधार होता. त्याच सुमारास कर्नाटकातून आलेला गणेश सतीश पुढे अनेक हंगाम इथे खेळला. कोलकात्यातील २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात आपण कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले, तेव्हा दुसऱ्या डावात त्याने आपल्याच जुन्या राज्याविरुद्ध ८१ धावा केल्या होत्या आणि त्या नसत्या तर आपला वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी याचे १२ बळीही कामी आले नसते. मुंबईहून आलेल्या वसीम जाफरबद्दल तर काय लिहावे! चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने २०१८-१९ च्या रणजी हंगामात १०३७ धावा काढल्या. त्याच्यासोबत खेळपट्टीवर उभे राहून आपल्या तरुण फलंदाजांनी दिवसभर फलंदाजी कशी करायची ते पाहिले. करुणनेही तेच केले. कर्नाटकाने २०२२ मध्ये दूर ठेवलेला हा फलंदाज, ज्याच्या नावावर कसोटीतील नाबाद ३०३ धावांची खेळी आहे, आपल्याकडे आला आणि गेल्या रणजी हंगामात त्याने ८६३ धावा केल्या. विजय हजारे या एकदिवसीय सामन्यांच्या करंडकातील त्याच्या ७७९ धावा वेगळ्याच. विदर्भाकडून केलेल्या या धावांच्या बळावर तो आठ वर्षांनी पुन्हा भारताच्या कसोटी संघात गेला. व्यवहार म्हणून पाहिले तरी दोन्ही बाजूंना लाभच झाला आणि तो परत गेला याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न आहे तो जाणाऱ्याच्या मागे काय उरते याचा. मला अमेरिकेतील बेसबॉल पाहण्याची आवड आहे. आमच्या दारव्हा तालुक्यात ती आवड असलेला दुसरा कोणी अजून मला भेटलेला नाही, परंतु मोबाईलमुळे आता काहीही पाहता येते. तिथे एखादा नावाजलेला खेळाडू दुसऱ्या संघाला दिला, तर बहुधा बदल्यात तरुण खेळाडू घेतले जातात. बोस्टनच्या संघाने २०२० साली मूकी बेट्ससारखा खेळाडू लॉस एंजेलिसला दिला आणि त्याच्या बदल्यात तीन तरुण खेळाडू घेतले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसने अजिंक्यपद पटकावल्यामुळे बोस्टनचे चाहते अजूनही त्या व्यवहाराच्या नावाने बोटे मोडतात, तो भाग निराळा. मुद्दा असा की देणाऱ्या संघाच्या हाती काहीतरी येते. आपल्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये तसे काही नाही. खेळाडू आपल्या संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागतो, संघटना ते देते आणि तो निघून जातो. बदल्यात ना खेळाडू मिळतो ना दुसरे काही. मागे राहते ती फक्त एक रिकामी जागा, आणि म्हणून ती जागा कशी वापरली यावरच तो व्यवहार फायद्याचा ठरला की तोट्याचा, हे ठरते.

ती जागा उत्तम वापरल्याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. आदित्य सरवटे २०२४-२५ च्या हंगामासाठी केरळकडे गेला, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना ते पटले नव्हते. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात नागपुरात सौराष्ट्राचे ११ बळी घेणारा आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत माघारी धाडणारा हा डावखुरा फिरकीपटू. त्याला जाऊ देणे म्हणजे घरचे सोने शेजाऱ्याला देणे, असेच वाटले. पुढे जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याची जागा घेतलेल्या हर्ष दुबेने त्याच हंगामात ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पार्थ रेखडेने मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात एकाच षटकात तीन मोठे फलंदाज टिपले. तिकडे सरवटेनेही केरळला रिकाम्या हाताने ठेवले नाही. गुजरातविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आदळून उडालेला चेंडू झेलला गेला आणि केरळला पहिल्या डावात दोन धावांची निर्णायक आघाडी मिळाली, तो चेंडू सरवटेचाच होता. मग तोच आपल्यापुढे जामठ्यात अंतिम सामन्यात उभा राहिला आणि त्याने ७९ धावा काढल्या. आपल्या ३७९ धावांना उत्तर देताना केरळ ३४२ वर थांबले आणि सामना अनिर्णित राहूनही पहिल्या डावातील या आघाडीमुळे करंडक इथे राहिला. सरवटे राहिला असता तर दुबेला तेवढी षटके मिळाली असती का? मला शंका आहे. दोन डावखुरे फिरकीपटू एकाच संघात खेळू शकतात, पण दोघांपैकी एक मुख्य आणि दुसरा दुय्यम ठरतोच.

गुरबानी महाराष्ट्राकडे गेला, त्यातही थोडेफार असेच म्हणता येईल. वेगवान गोलंदाजीत दर्शन नळकांडे, नचिकेत भुते, यश ठाकूर आणि आदित्य ठाकरे अशी फळी तयार होती. वर्ध्याचा नळकांडे आणि अकोल्याचा ठाकरे ही नावे जिल्ह्यांतून आलेली आहेत, हे मुद्दाम नोंदवतो. यष्टिरक्षक जितेश शर्माने बडोद्याची वाट धरली त्याची हळहळ अमरावतीकडे अधिक आहे, पण कर्णधार अक्षय वाडकर स्वतः यष्टिरक्षक असताना लाल चेंडूच्या, म्हणजे रणजीसारख्या अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांत जितेशला जागा कशी मिळणार होती, हे कोणी सांगत नाही. त्याने जाणे स्वाभाविक होते.

आता करुणच्या जागेकडे येऊ. केरळविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यातील पहिल्या डावात आपली अवस्था ३ बाद २४ होती. त्यातून करुणने दानिश मालेवारसोबत २१५ धावांची भागीदारी केली. मालेवार तेव्हा २१ वर्षांचा होता, रणजीतील तो त्याचा पहिलाच हंगाम होता आणि त्याने १५३ धावा केल्या. याच मालेवारने यंदा दुलीप करंडकात, म्हणजे विभागीय संघांच्या स्पर्धेत, मध्य विभागाकडून द्विशतक झळकावले. गेल्या रणजी हंगामात देशात सर्वाधिक, म्हणजे ९६० धावा करणाऱ्या यश राठोडने दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात १९४ धावा काढल्या आणि इराणी करंडकात ९१. करुणने जे शिकवायचे ते शिकवून झाले आहे. मधल्या फळीत आज मालेवार, राठोड आणि वाडकर असताना पाचशे-हजार किलोमीटरवरून आणखी एक फलंदाज आणला, तर तो कोणाच्या तरी डोक्यावर बसणार आणि ते डोके सर्वांत तरुण खेळाडूचेच असणार. नियमाने तीन पाहुणे घेता येतात, पण तिन्ही जागा भरल्याच पाहिजेत असे कोणत्याही नियमात नाही.

नव्या पाहुण्यावाचून संघ दुबळा पडेल, अशी भीती काही जाणकार व्यक्त करतात. इराणी करंडकाचा निकाल त्याला पुरेसे उत्तर आहे, तरी मी त्यावरच विसंबणार नाही, कारण तो एकच सामना होता आणि तोही घरच्या खेळपट्टीवर. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो तायडेचा प्रकार. अकोल्याच्या या सलामीवीराला गेल्या हंगामात सूर सापडत नव्हता आणि रणजीच्या अंतिम सामन्यात त्याला वगळण्यात आले. त्याच्या जागी सलामीला पाठवला तो रेखडे, ज्याचे मूळ काम गोलंदाजीचे. तो दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. सलामीवीर हवा असताना सलामीवीराला बाहेर ठेवायचे आणि फिरकीपटूला नव्या चेंडूपुढे उभे करायचे, हा निर्णय मला तेव्हाही अनाकलनीय वाटला होता. करंडक जिंकल्यामुळे त्याची चर्चा झाली नाही. परंतु निवड समितीने तायडेवरचा विश्वास कायमचा काढून घेतला नाही, हे तिच्या बाजूने आवर्जून सांगितले पाहिजे. सात महिन्यांनी त्याच मैदानावर तो सामनावीर ठरला. पडत्या काळात घरच्या खेळाडूला थोडा अवकाश दिला की तो असा परत येतो. बाहेरचा तयार फलंदाज हाताशी असता तर हा अवकाश त्याला मिळाला असता, असे मला वाटत नाही.

यात ग्रामीण विदर्भाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की संघातील एक जागा रिकामी झाली की खालची साखळी हलते. रणजी संघातील जागा २३ वर्षांखालील संघातून भरली जाते, तिथली १९ वर्षांखालील संघातून, आणि शेवटी कुठल्यातरी जिल्ह्याच्या निवड चाचणीत एका मुलाचे नाव पुढे सरकते. वरची जागा बाहेरून भरली की हे सारे जागच्या जागी थांबते. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलचे खुले सामने भरतात. कापूस वेचणी चालू असते, तरी मैदाने भरलेली असतात. त्यात अशी पोरे दिसतात की ज्यांच्या चेंडूचा वेग पाहून नागपूरचा प्रशिक्षकही क्षणभर थांबेल. पण चामड्याचा चेंडू आणि हिरवळीची खेळपट्टी मिळवण्यासाठी त्यांना आधी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते आणि नंतर दीडशे किलोमीटरहून दूर असलेले नागपूर. वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव हाही असाच टेनिस बॉलवर खेळत मोठा झाला आणि विशीच्या आसपास चामड्याचा चेंडू हाती घेऊन २००८ मध्ये रणजी व २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. त्याचे गाव नागपूरजवळ होते. दिग्रस, उमरखेड किंवा सिरोंच्याच्या मुलाला तो योग नाही.

म्हणून विदर्भ क्रिकेट संघटनेला माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, या हंगामात फलंदाजीत नवा पाहुणा घेऊ नये आणि करुणच्या जाण्याने मोकळी झालेली संघातील जागा २३ वर्षांखालील संघातील खेळाडूला द्यावी. तो पहिल्या दोन-चार सामन्यांत अपयशी ठरला, तरी त्याला हंगामभर संघासोबत ठेवावे. दुसरी विनंती, एखादा खेळाडू ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यात जातो किंवा तिकडचा इकडे येतो, तेव्हा त्या निर्णयामागची क्रिकेटची कारणे चार ओळींच्या निवेदनात जाहीर करावीत. सरवटे का गेला, जितेश का गेला, याविषयी गावोगावी नाना तर्क लढवले जातात आणि त्यांतले बहुतेक खेळाडूंच्या व निवड समितीच्या नावाला बट्टा लावणारे असतात. खरी कारणे अगदी साधी असतील. ती संघटनेने सांगितली तर ती छापायला आपल्यासारखी वृत्तपत्रे जागा देतील, याची मला खात्री आहे.

आपला विश्वासू,
एक क्रिकेटप्रेमी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ