मास्क रिपोर्ट आल्यावर का, खोकला दिसल्यावर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात ३१ वर्षं स्टाफ नर्स म्हणून नोकरी करून रिटायर झालेय. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी गेल्या वर्षी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली आणि एका हॉस्पिटलात फीमेल मेडिकल वॉर्डला लागली. परवा जिन्यात भेटली, चेहरा पार उतरलेला. म्हटलं काय गं झालं, तर म्हणाली काकू, आमच्याकडे एक बाई अॅडमिट होती, तीन आठवडे खोकला, वजन उतरलेलं, रात्री घाम, चार दिवस जनरल वॉर्डातच होती, आणि पाचव्या दिवशी थुंकीचा रिपोर्ट टीबी पॉझिटिव्ह आला. मग लगेच धावपळ, साइडची रूम, दारावर बोर्ड, सगळ्यांना एन-९५, आणि कोण कोण तिच्याजवळ गेलं होतं त्याची यादी. यादीत हिचं नाव सगळ्यात वर, कारण चारही दिवस नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) हिनेच लावला होता, तोही साध्या कापडी मास्कवर.

आता सांगा, या चार दिवसांचं काय? दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करा असं सरकारच भिंतीभिंतीवर लिहून सांगतं, मग असा पेशंट केस पेपरच्या खिडकीशी उभा राहतो तेव्हाच त्याला मास्क द्यायला आणि वेगळं बसवायला काय हरकत आहे, रिपोर्टची वाट कशाला बघायची. जंतू काही रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाहीत. आणि रिपोर्ट आल्यावर पेशंट औषधावर जातो, म्हणजे खरा धोका त्याच्या आधीच जास्त. माझं म्हणणं एवढंच आहे की आयसोलेशन लक्षणावरून सुरू करा आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की काढा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

बरं मास्कचंही सगळं उलटंच. पेशंटला साधा सर्जिकल मास्क आणि सिस्टरला एन-९५ असं पाहिजे. पण नातेवाईक मेडिकलमधून महागातला व्हॉल्व्हवाला मास्क आणून पेशंटला लावतात, त्याने सोडलेला श्वास त्या व्हॉल्व्हमधून तसाच बाहेर येतो, आणि सिस्टर बिचारी दहा रुपयेवाला लावून सक्शन करते, म्हणजे नळीने कफ ओढून काढते! एन-९५ लावल्यावर दोन्ही हात वरून धरून जोरात श्वास सोडून बघायचा, कडेने हवा निघतेय का, हे दहा सेकंदाचं काम आहे पण नवीन पोरींना कुणी करून दाखवत नाही. तो मास्क रूमच्या बाहेर येऊन दार लावल्यावरच काढायचा, आणि सगळ्यात शेवटी. आधी ग्लोव्हज, मग गॉगल, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत. मी स्वतः घाईत कितीतरी वेळा तोच ग्लोव्हजचा हात चष्म्याला लावलाय, खोटं कशाला बोलू.

बोर्डाबद्दल बोलायचंच तर, पुण्यात दुपारी बेल वाजवू नये यासाठी चार ओळींची पाटी असते, आणि आयसोलेशनच्या दारावर नुसतं ‘प्रवेश बंद’. अहो सिस्टरला, मावशींना, डबा घेऊन येणाऱ्या मामांना तर जावंच लागतं ना! मग काय घालून जायचं ते लिहा. टीबी, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात, तिथे एन-९५ आणि दार बंद. फ्लू, घटसर्प, डांग्या खोकला असेल तर जवळ जाताना मास्क. खरूज किंवा जुलाब असेल तर ग्लोव्हज आणि गाऊन, आणि जुलाबाच्या काही जंतूंना सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच लागतं. आमच्या वेळी कांजिण्यांचा पेशंट आला की मेट्रन, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टर, विचारायच्या, कुणाकुणाला होऊन गेल्यात हात वर करा, आणि त्यांनाच ड्युटी. गरोदर सिस्टरला लांब ठेवायच्या. रजिस्टर नाही, अॅप नाही, पण डोकं होतं.

अजून एक. पेठांमधल्या छोट्या हॉस्पिटलांत हवा बाहेर ओढून घेणारी रूम परवडत नाही हे मला कळतं. पण मग निदान खिडकी तरी उघडा. स्प्लिट एसी लावून तीच हवा गोल गोल फिरवायची आणि त्याला आयसोलेशन म्हणायचं, याला काय अर्थ आहे.

या शहराला हे नवीन नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातला, मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना पेशंट इथेच, नायडू हॉस्पिटलात. तेव्हा थाळ्या वाजवल्या, पीपीई किटचे ढीग आले, आणि आता वॉर्डात एन-९५ मागितला तर स्टोअरवाला विचारतो, गेल्या आठवड्यात दिलेला कुठे गेला?

त्या मुलीचा एक्स-रे क्लीन आलाय, पण टीबी लगेच दिसतोच असं नाही, महिनोनमहिने लपून बसतो, त्यामुळे घरी आई काळजीत आहे. खोकला, ताप आला तर लगेच दाखव आणि मधूनमधून वजन करत जा असं मी तिला सांगितलंय. सोमवारपासून ती परत त्याच वॉर्डात नाइटला आहे. पगारातून स्वतःच एन-९५ चा बॉक्स आणलाय, आणि आल्या आल्या दोन मास्क वॉर्डातल्या मावशींना दिले म्हणे.

– एक निवृत्त सिस्टर, धनकवडी, पुणे