‘पेस्ट’ला ‘पी’ का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापुरात मी आधी टंकलेखन शिकवत असे, आता संगणक शिकवतो. गेल्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, कॉपीला सी, मग पेस्टला पी का नाही?” तिच्या वहीत वीस शॉर्टकट (कंट्रोल कळेसोबत एखादे अक्षर दाबून द्यायच्या आज्ञा) पाढ्यांसारखे उतरवलेले होते, पण त्यामागचे कारण एकाचेही लिहिलेले नव्हते. बेळगाव, निपाणी, खानापूर परिसरातल्या बहुतेक वर्गांत शॉर्टकट असेच घोकून घेतले जातात, हे मला मनापासून खटकते, म्हणून हे पत्र.

लॅरी टेसलर यांनी टिम मॉट यांच्यासह १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मजकूर कापून दुसरीकडे लावण्याची पद्धत घडवली आणि पुढे ॲपलच्या ‘लिसा’ (१९८३) या संगणकासाठी तिच्या कळा ठरवल्या. कापण्याची कळ एक्स, म्हणजे फुली; नको असलेल्या मजकुरावर आपणही फुलीच मारतो. सी हे कॉपीचे आद्याक्षर. पेस्टची कळ व्ही हे उलटे काकपद, म्हणजे सुटलेला शब्द ओळीत घालण्यासाठी मुद्रितशोधक जी खूण करतात तीच, फक्त पालथी. केलेले मागे घेण्याची (अनडू) कळ झेड; तिच्या तीन रेघांत टेसलर यांना ‘केले, मागे घेतले, पुन्हा केले’ हा क्रम दिसला, शिवाय ती कळ एक्सला लागूनच होती. मी फळ्यावर काकपद काढून खाली व्ही लिहिला, तेव्हा त्या मुलीने वहीतल्या व्हीशेजारी लगेच तशीच खूण केली.

‘लिसा’हून जुनी गोष्ट ‘व्हीआय’ या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या संगणक प्रणालीची. बिल जॉय यांनी ती १९७६च्या सुमारास ज्या ‘एडीएम-३ए’ टर्मिनलवर (संगणकाला जोडलेला पडदा आणि कळफलक) लिहिली, त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये कर्सर याच अक्षरांनी हलतो. बाण तिथे छापण्यालाही कारण होते. टेलिप्रिंटरच्या काळापासून कंट्रोल कळ सोबत दाबलेल्या अक्षराचा क्रमांकच यंत्राला पाठवत असे: एच आठवे अक्षर, आणि आठ क्रमांकाचा संकेत ‘एक घर मागे’, जे दहावे, आणि दहाचा संकेत ‘खालच्या ओळीत’. म्हणून डावा बाण एचवर आणि खालचा जेवर आला.

आपल्याकडे डीटीपी करणारी मुले एकाच दिवसात मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकूर जुळवतात. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर सी कळेवर ‘म’ आणि व्ही कळेवर ‘न’ आहे, आणि कन्नडमध्येही त्याच कळांवर तीच अक्षरे आहेत. कंट्रोल दाबून ‘म’ ची कळ दाबली की नक्कल होते आणि ‘न’ ची दाबली की ती उमटते, हे एकदा कळले की भाषा बदलताना बोट अडखळत नाही.

परिसरातील वर्गचालकांनी यासाठी एक तास राखून ठेवावा आणि आपणही शालेय पानावर या इतिहासाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)