पाकिटं छापायच्या आधी नाव तपासा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आम्ही रावेर तालुक्यातले चौघं मित्र, केळीच्या वेफर्सची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला निघालो आणि नावातच अडकलो. आम्हाला वाटायचं नावाचं काय एवढं, पोराचं ठेवतो तसं ठेवायचं. 'कदली' ठरलं, पण ते आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं, म्हणून आम्ही डोकं लावलं, स्पेलिंगमधे एक ए जास्तीचा टाकला आणि दुसरा पर्याय म्हणून त्याच नावात मधे रावेर घुसवलं. कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याकडून दोन्ही नावं परत आली आणि अर्जाचे भरलेले हजार रुपये गेले ते गेले. नंतर सीएने नियम दाखवला. स्पेलिंग बदललं, एकवचनाचं अनेकवचन केलं, शब्द मागेपुढे केले, गावाचं नाव किंवा आकडा जोडला, हिंदीचं इंग्रजी केलं तरी नाव सारखंच धरतात. वर ट्रेडमार्क पण बघावा लागतो. आमच्यातला एक जण महाराजांचं नाव देऊ म्हणत होता, तर तेही 1950 च्या कायद्याने धंद्याला वापरता येत नाही (ते मात्र बरंच आहे).

पण खरी चूक आमचीच. नाव मंजूर व्हायच्या आधीच पाच हजार पाकिटं छापून मोकळे झालो, त्यावर ठळक 'प्रा. लि.'. कंपनी नोंदलेली नसताना हे शब्द लावले तर रोजचा 500 ते 2000 रुपये दंड होऊ शकतो, हे भुसावळच्या प्रेसवाल्याला काय, आम्हालाही माहीत नव्हतं. आणि नाव मंजूर झालं तरी निवांत बसता येत नाही, 20 दिवसांत बाकीचे कागद भरले नाहीत तर ते सुटतं.

अजून एक. कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे ऑफिसबाहेर नाव-पत्ता लावताना तो तिथल्या भाषेच्या लिपीतही पाहिजे, म्हणजे आपल्याकडे मराठीत. एमआयडीसीत चक्कर मारा आणि किती पाट्या तशा दिसतात ते मोजा.

आमच्यासारखे शेतकऱ्यांची पोरं आता कंपन्या काढायला लागलीत आणि नियम सगळे इंग्रजीत, तेव्हा आपल्या पेपरात यावर सोप्या मराठीत एखादं पान द्या ही विनंती.

आमची पाकिटं अजून मागच्या खोलीत पडून आहेत, आई त्यात बिबडे (ज्वारीचे पापड) भरून पाहुण्यांना देते, प्रा. लि. सकट.

आपला एक वाचक,
ता. रावेर, जि. जळगाव