कापशीचे डोळे आणि दाढी : ग्रूमर (कुत्र्यांच्या केसांची निगा राखणाऱ्या) अक्कांना जाहीर आभारपत्र

आदरणीय अक्का,

सादर नमस्कार.

आपल्यासमोर येऊन आभार मानले असते, तर आपण नेहमीप्रमाणे हसून विषय बदलला असता आणि बोलता बोलता आमच्या कुत्रीच्या, कापशीच्या, कानामागचे केस तपासायला घेतले असते. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि तेही जाहीरपणे. दाट केसांची कुत्री पाळणारी घरे आता जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड अशा सगळ्याच भागांत दिसतात. त्यांपैकी बऱ्याच घरांत कुत्र्याच्या चेहऱ्याची निगा म्हणजे अधूनमधून पैसे देऊन उरकून घ्यायचे काम, असा समज आहे. आपण आम्हाला जे दाखवलेत ते त्या घरांपर्यंतही पोहोचावे, अशी इच्छा आहे.

पहिले आभार आपण न केलेल्या कामाचे आहेत. पहिल्या भेटीत आपण कापशीच्या चेहऱ्याला कात्री लावायला नकार दिलात.

कापशी ही ल्हासा अप्सो जातीची, साईच्या रंगाची कुत्री. थोरल्या भावाची परगावी बदली झाल्यावर ती आमच्या आईकडे आली, तेव्हा कपाळावरचे केस डोळ्यांवर उतरलेले होते, डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून गालांपर्यंत तांबूस ओघळ होते आणि पापण्यांना सतत चिपडे येत होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही उपाय सुचवी. कोणी गुलाबपाणी घाला म्हणे, कोणी त्रिफळ्याच्या पाण्याने धुवा म्हणे, तर कोणी ‘उन्हाळा तोंडावर आहे, सरसकट मुंडण करून टाका’ असा निकाल देऊन मोकळा होई. आपण मात्र कात्र्यांची पिशवी न उघडता उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवलात, दोन्ही डोळे पुसलेत आणि आईने केलेला चहा सावकाश पीत कापशीकडे बघत बसलात. चहा संपेपर्यंत पापण्यांच्या कडेला पुन्हा घट्ट, चिकट स्राव जमला होता. नुसते पाणी गळत असते तर केस टोचत असतील असे समजून काम सुरू करता आले असते, पण हा स्राव दाट आहे आणि बुबुळावर नेहमीची चकाकी नाही, तेव्हा आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, असे आपण सांगितलेत. फेरी वाया गेली तरी पैसे घेतले नाहीत.

डॉक्टरांनी खालच्या पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी एक मिनिट धरली. डोळ्यात पुरेसे अश्रू तयार होत असतील तर ही पट्टी साधारण 15 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ओली होते. 10 मिलिमीटरही ओली झाली नाही तर डोळा कोरडा पडल्याची शंका येते. कापशीची पट्टी जेमतेम ओलावली. ल्हासा अप्सो आणि शिह त्झू या जातींत कोरड्या डोळ्यांचा हा विकार बऱ्यापैकी आढळतो. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अश्रुग्रंथींवर उलटते, डोळ्याला ओलावा कमी पडतो आणि त्याची भरपाई म्हणून चिकट श्लेष्म साचत राहतो. वेळीच लक्ष गेले नाही तर बुबुळावर जखमा होतात, त्यावर काळपट थर चढतो आणि दृष्टी मंदावते. आम्ही सगळे ज्याला मळ म्हणत होतो तो आजार होता. कापशीला आता सायक्लोस्पोरिनचे मलम लावावे लागते आणि ते बहुधा जन्मभर लावावे लागेल. पण तिचे डोळे पुन्हा चकाकतात आणि अंगणात टाकलेला चेंडू ती पूर्वीसारखी हेरते. याचे श्रेय डॉक्टरांइतकेच आपले आहे.

डोळे निवल्यावर आपण आलात आणि खरे शिक्षण सुरू झाले. तांबूस ओघळांविषयी आपण दिलेले स्पष्टीकरण मला फार मोलाचे वाटते. कुत्र्याच्या अश्रूंत आणि लाळेत पॉर्फिरिन नावाची, लाल रक्तपेशींच्या विघटनातून आलेली लोहयुक्त रंगद्रव्ये असतात. ती फिकट केसांवर साचली आणि उजेड लागला की तपकिरी-तांबूस दिसू लागतात. दाढीचे केस आणि सतत चाटलेले पंजे तांबूस का होतात, याचे उत्तरही त्यातच आहे. एकदा केसात मुरलेला रंग चोळून जात नाही, तो केस वाढून कापला जाईपर्यंत राहतो, आणि तोवर आपल्या हाती एवढेच असते की नव्या केसांवर ओल टिकू द्यायची नाही. चोळून पांढरे करण्याच्या हव्यासातून हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्यांजवळ नेणाऱ्यांना आपण किती कडक शब्दांत सुनावता, तेही मी ऐकले आहे. डाग घालवणाऱ्या भुकट्या चारू नयेत, हा आपला आग्रहही योग्यच आहे. अशा काही उत्पादनांत टायलोसिन हे प्रतिजैविक असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये त्यांच्या उत्पादकांना ताकीद दिली होती. केवळ गोऱ्यागोमट्या तोंडासाठी कुत्र्याला महिनोन्‌महिने प्रतिजैविक चारणे मला तरी निव्वळ अविचार वाटतो.

पुसण्याची रीत आता आईच्या हातात बसली आहे. प्रत्येक डोळ्याला कापसाचा वेगळा बोळा घ्यायचा, म्हणजे एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्यात जात नाही. वाळलेले चिपड ओढायचे नाही, ओला बोळा त्यावर क्षणभर टेकवून ठेवायचा, ते मऊ झाले की नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर अलगद पुसायचे आणि मग बारीक दातांच्या धातूच्या कंगव्याने, दात डोळ्याकडे न वळवता, केसांच्या दिशेने विंचरायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटी चेहरा कोरडा करायचा, कारण ओलसर घडीत यीस्ट वाढते, वास येतो आणि कातडी लाल होते. कोरडे करण्यासाठी आपण बाजारातले महागडे काही न सुचवता घरातलाच जुना, धुऊन मऊ पडलेला सोलापुरी टेरी टॉवेल मागितलात, तेव्हा आईला केवढा आनंद झाला! भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या टॉवेलचा हा उपयोग गिरणीत आयुष्य घालवलेल्या आमच्या आजोबांना नक्कीच पटला असता. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे कुत्र्याची स्वच्छता म्हणजे पाण्याची नासाडी, असा एक आक्षेप शेजारी नेहमी घेतात. चेहऱ्याच्या रोजच्या निगेला पेलाभर पाणी पुरते, हे त्यांनी एकदा येऊन बघावे.

दाढीचा प्रश्न मात्र आमच्या घरात खरा अवघड होता, कारण तो आईच्या मायेशी जोडलेला होता. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी कापशीला आवडते आणि आईला ती भरवायला आवडते. तो काला हनुवटीच्या केसांत बसला की तासाभरात वाळून घट्ट होतो आणि त्याखालची कातडी आंबते. आपण आईला भाकरी बंद करा असे म्हटले नाही. आधी पसरट प्लास्टिकच्या ताटलीऐवजी अरुंद तोंडाची स्टीलची वाटी आणायला सांगितलीत, काला पातळ न ठेवता कोरडसर करायला सांगितलेत, आणि खाणे झाल्यावर ओठांच्या घडीतून बोट फिरवून ओल्या फडक्याने दाढी पुसायला शिकवलेत. शेंगाची चटणी मात्र आपण साफ बंद केलीत, कारण लसूण आणि कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशींना घातक असतो. सोलापूरच्या घरात चटणी नाकारायला धैर्य लागते. ते आपण आपल्या गोड तेलुगू वळणाच्या मराठीत इतक्या सहज दाखवलेत की आईने वाद घातला नाही.

जटांविषयीही थोडे लिहायला हवे. कानामागे आणि जबड्याच्या कडेला केसांचे घट्ट गोळे झाले होते आणि अंघोळ घातली की ते सुटतील अशी आमची समजूत होती. पाणी लागले की जट अधिक आवळते, म्हणून आधी गुंता, मग अंघोळ, हा क्रम आपण घालून दिलात. मुळाशी केस दोन बोटांत धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून थोडे थोडे सोडवत मुळाकडे यायचे. जी जट सुटत नव्हती तिच्या आणि कातडीच्या मध्ये आपण कंगवा सरकवलात आणि कंगव्याच्या वरूनच कापलेत, कारण जटेत ओढली गेलेली कातडी कात्रीखाली कधी येते ते कळत नाही. डोळ्यांवरच्या केसांची शेंडी बांधावी असा माझा हट्ट होता. घट्ट रबराने केस तुटतात आणि पापणीची कातडी ताणली जाते हे समजावून आपण ते केस आखूड करून दिलेत. गोल टोकाची कात्री, डावा हात हनुवटीखाली, पाती डोळ्याला समांतर, टोक कधीही बुबुळाकडे नाही, आणि कापशी धापा टाकत असेल तर हात थांबलेला. हे बघत असताना मी स्वतः ही कात्री कधी हाती घ्यायची नाही असे ठरवले, आणि तो निर्णय आपल्यालाही पटला. मिशांचे लांब जाड केस आपण तसेच ठेवलेत, कारण अंधारात आणि अडचणीच्या जागेत कुत्र्याला त्यांच्या मुळांशी असलेल्या संवेदनेचा उपयोग होतो.

मुंडणाचा सल्ला देणाऱ्यांना आपण दिलेले उत्तर मी आता सर्वांना सांगते. ही जात तिबेटच्या मठांत आणि वाड्यांत राखणीसाठी वाढवलेली, तिथल्या थंडीसाठी घडलेली. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात तिला त्रास होणारच, पण केस कातडीपर्यंत काढले तर ऊन थेट कातडीवर येते. कुत्रे माणसासारखे अंगभर घाम गाळून निवत नाही, ते मुख्यतः धापा टाकून निवते. म्हणून केस बेताचे आखूड, मोकळे विंचरलेले आणि बिनजटांचे ठेवावेत, दुपारी बाहेर नेऊ नये आणि पाणी कायम समोर असावे, हाच मार्ग.

पावसाळा सरल्यावरच्या एका धोक्याची सूचना इतर कोणी आम्हाला दिली नव्हती. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला किंवा शहराच्या कडेच्या कुठल्याही माळावर तेव्हा गवत वाळू लागते आणि त्याची कुसळे दाट केसांत अडकतात. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकते, मागे येत नाही. कानात, नाकपुडीत किंवा पापणीखाली शिरले तर आत आत जात राहते. फिरून आल्यावर चेहरा, कानाची पाळी आणि पंजे चाचपायचे, कुत्रे एकाएकी शिंकू लागले, डोके झटकू लागले किंवा एक डोळा मिटून बसले तर घरी खटपट न करता दवाखाना गाठायचा. त्याच वेळी कानांच्या कडेला गोचीड आहे का तेही पाहून होते.

बाकीच्या गोष्टी आता सवयीच्या झाल्या आहेत. कानाच्या आत काडी घालत नाही, दिसते तेवढेच पुसतो. दातांना माणसांची पेस्ट लावत नाही, कारण तिच्यात झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असले तर ते कुत्र्यासाठी विष आहे. माणसांचा शाम्पू तिला वापरत नाही.

या सगळ्या कामात आपण कापशीला एकदाही दाबून धरले नाही, हे आईच्या अजून लक्षात आहे. कंगवा आधी तिला हुंगू दिलात, गालावरून त्याची पाठ फिरवलीत, ती मान वळवी तेव्हा थांबलात, आणि अर्धा चेहरा झाला असताना उरलेले काम दुसऱ्या दिवसावर टाकून गेलात. पुन्हा आलात तेव्हा त्या फेरीचे वेगळे पैसे घ्यायला तयार नव्हता. अर्धवट केस कापलेली कापशी त्या संध्याकाळी गल्लीत चेष्टेचा विषय झाली खरी, पण आज कंगव्याचा डबा उघडल्याचा आवाज आला की ती आपणहून ओसरीवर येऊन बसते.

एक विनंती आहे. चेहरा पुसण्याची ही रीत आपण तेलुगू आणि कन्नडमध्ये बोलून आमच्या फोनवर ध्वनिमुद्रित करून द्याल का? आमच्या गल्लीत पॉमेरेनियन पाळणारी दोन घरे आहेत आणि तिथल्या आजींना मराठीतल्या सूचना नीट उमगत नाहीत. शिवाय संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी पाहुणे असतील, तेव्हा कापशीचे केस त्याआधीच्या आठवड्यात कापून व्हावेत असे आईच्या मनात आहे. आपल्या सोयीचा दिवस कळवावा. या वेळी त्या न घेतलेल्या फेऱ्यांचे पैसेही आपल्याला घ्यावेच लागतील, असा आईचा निरोप आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
कापशीच्या घरची धाकटी लेक
जुळे सोलापूर