पल्पच्या ‘मोअर’ अल्बमचे सामूहिक श्रवण : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, शेफील्डमध्ये १९७८ साली स्थापन झालेल्या पल्प या बँडचा ‘मोअर’ हा नवा स्टुडिओ अल्बम शुक्रवार, दि. ६ जून २०२५ रोजी प्रकाशित होत असून, त्याचे सामूहिक श्रवण शनिवार, दि. ७ जून रोजी सायंकाळी ठीक ६ वाजता शेफील्डमधील आपल्या नेहमीच्या खोलीत होईल. २००१ नंतरचा हा त्यांचा पहिलाच स्टुडिओ अल्बम आहे आणि मार्च २०२३ मध्ये निवर्तलेले बास गिटारवादक स्टीव्ह मॅकी यांना तो अर्पण केलेला आहे. म्हणून या वेळी सर्वांनी आवर्जून यावे, अशी मनापासून विनंती आहे.

१. अकराही गाणी क्रमाने ऐकली जातील. उशिरा येणाऱ्यांनी तबकडीची बाजू बदलेपर्यंत बाहेर थांबावे.

२. मोबाइल बंद ठेवावेत. तबकडी एकच सभासद हाताळतील. इतरांनी सुईला हात लावू नये, कारण एकदा चरा पडला की त्या जागी दर वेळी टकटक ऐकू येते.

‘स्पाइक आयलंड’ हे गाणे एप्रिलमध्येच आले आहे, ते शक्यतो आधी ऐकून यावे. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत चिटणीसांना नाव कळवावे.