टेलर मामा, अंगणवाडीतून हे पत्र

प्रिय टेलर मामा,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या ओ बाई" म्हणून मशीन सुरू करता, आणि त्या खडखडाटात माझं पुढचं बोलणं विरून जातं. म्हणून लिहून काढलं. चार लोकांनी वाचावं असंही मनात आहे. केज तालुक्यातल्या या आपल्या गावात एक शिंपी अंगणवाडीच्या लेकरांसाठी काय काय करतो, ते गावालाच धड माहीत नाही. तुम्हाला बारीक अक्षर लागत नाही, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या.

मी आले होते ती चिकटकामासाठी पिशवीभर कात्रण मागायला. तुम्ही दिलीत, वर "याचं करता काय?" म्हणून विचारलंत. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच अंगणवाडीच्या दारात उभे. खिशात रिकामी रिळं, मेणबत्तीचं थोटूक आणि रबरं.

त्या रिळाच्या ट्रॅक्टरचं मला अजून नवल वाटतं. रिळाच्या भोकातून रबर ओवायचं. एका तोंडाशी काडीचा बारका तुकडा अडकवून चिकटपट्टी मारायची. दुसऱ्या तोंडाशी मेणबत्तीची भोक पाडलेली चकती, आणि तिच्यापुढं रबरात घातलेली खराट्याची लांब काडी. काडी गरगर फिरवून पीळ भरायचा आणि खाली ठेवायचं. काडीचं टोक जमिनीला टेकतं, तिला फिरता येत नाही, मग रीळच फिरायला लागतं. मेणाची चकती का, असं मी विचारलं, तर तुम्ही ती काढूनच दाखवलीत. काडी रिळाला घासून जागीच अडकली. चकती परत घातली तर पीळ सावकाश सुटला आणि ट्रॅक्टर आपला रमतगमत निघाला. रिळाच्या कडेला कात्रीनं खाचा पाडल्यावर तर तो सतरंजीची घडीसुद्धा चढला. एक पोरगं पोटावर पालथं पडून, गाल फरशीला लावून ते चाक बघत होतं. खिचडी वाढली तरी उठेना.

पण मामा, माझे खरे आभार दुसऱ्याच गोष्टीसाठी आहेत. तुम्ही लेकराच्या हातातलं काढून घेत नाही. तीन ते सहा वर्षांची लेकरं, बोटं अजून नीट वळत नाहीत. रबर सुटतं, रीळ घरंगळत जातं, तोंड रडवेलं होतं. अशा वेळी कुणीही मोठं माणूस म्हणणार, "आण इकडं, मी करते." तुम्ही मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बसता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. "हात मोकळे ठेवले की आपोआप पुढं जातात ओ," म्हणालात. चाळीस टक्के वाकडं, पण लेकराचं स्वतःचं, असं काहीतरी तयार होईपर्यंत तुम्ही नुसतं "हां, आता?" एवढंच म्हणत राहता. प्रशिक्षणात आम्हाला हेच सांगतात, पण करून दाखवणारं माणूस मी तुमच्यातच पाहिलं.

पोळ्याचे बैल आठवतात? आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी, आणि वाळली की शेताला पडतात तशाच भेगा बैलाच्या पाठीवर. दरसाल पाय गळून पडायचे. कुणी राख घाला म्हणालं, कुणी शेण. तुम्ही मशीनखालचा केर पुढं केलात: दोऱ्यांचे तुकडे, सूत, लोकर. बोटाच्या पेराएवढे कापून मातीत मळायला लावलेत. सुतानं माती धरून ठेवली. भेगा अगदीच पडल्या नाहीत असं नाही, पण पाय जागेवर राहिले. आणि हो, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचे, हेही तुमचंच. शिंगांना बाभळीचे काटे लावायचे की नाही यावरून आपलं वाजलं होतं. तिथं मी ऐकलं नाही, आणि पुढंही ऐकणार नाही.

बाहुलीच्या बाबतीत मात्र तुमचंच खरं. मी डोळ्यांना गुंड्या लावणार होते, छान दिसतात म्हणून. तुम्ही म्हणालात, घरी धाकटं भावंड असतं, ते तोंडात घालतं, गुंडी घशात अडकते. मग काळ्या दोऱ्यानं टाके घालून डोळे केले. दोन भोकांच्या मोठ्या गुंडीची भिंगरी तुम्ही फक्त सहा वर्षांच्यांना दिलीत, तीही दोरा आखूड ठेवून, गळ्यात अडकू नये म्हणून. आम्हाला वरून आलेली खेळणी मोजून घ्यायची आणि मोजून ठेवायची असतात, त्यामुळं ती बहुतेक कपाटातच राहतात. तुमच्या पिशवीतलं काही मोडलं तर कुणाला लेखी द्यावं लागत नाही. मोडलं की लेकरंच सांगतात, "बाई, रबर द्या."

मोबाईलवर मी तुम्हाला अरविंद गुप्तांचा व्हिडिओ दाखवला होता. आयआयटी कानपूरला शिकलेले इंजिनिअर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिले, २०१८ साली पद्मश्री मिळाली. गुल काढलेल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून केलेला त्यांचा तो त्रिकोण तुम्ही लगेच करून बघितलात. चौकोन दाबला की लोळतो, त्रिकोण हलत नाही. तुम्ही वर बघून बोट केलंत ते अंगणवाडीच्या पत्र्याखालच्या कैचीकडं. "तिरपं लोखंड उगीच नाही लावलं!" मोठ्या गटातली लेकरं त्या दिवसापासून दिसेल तिथं त्रिकोण मोजतात, मंदिराच्या मांडवातसुद्धा.

आणखी एक सांगायचं राहिलं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, आणि माझा पट निम्मा होतो. काही लेकरं आजीपाशी राहतात, काही आईबापाबरोबर जातात. मागच्या हंगामात गेलेली एक पोरगी गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली. येताना उसाच्या पाचटाची बाहुली घेऊन आली. आईच्या फाटक्या लुगड्याच्या पट्टीनं कंबर आवळलेली, डोळे कोळशानं काढलेले. गुंड्या नाहीत! कोपीवरच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवरच्या, बाकीच्या लेकरांनाही करून दिल्या का, असं विचारलं, तर म्हणाली, "करून नाही दिल्या, शिकवल्या." मामा, हे बोलणं तिनं कुणाचं उचललंय ते तुम्हाला कळलंच असेल.

आता कामाचं. पोळा जवळ आलाय, तेव्हा मशीनखालचा केर टाकू नका, मदतनीस ताई शनिवारी पिशवी घेऊन येतील. रिळं कितीही चालतील. मेणबत्ती आणू नका, ती आमच्याकडं आहे. आणि माझ्या ब्लाऊजचं माप बाकी आहे, त्याचे पैसे या वेळेस घ्यायचे, नाहीतर मी दुसरीकडं शिवायला टाकीन.

तुमची,
अंगणवाडीच्या बाई