नवा मासा आणला त्याच दिवशी टाकीत सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून घरात प्रवाळ वाढवणारी माणसे कोथरूडपासून हडपसरपर्यंत भेटतात. त्यांच्याकडून एक वाक्य मात्र फार ऐकू येते: "फायरफिश आणला होता, पण टिकला नाही. नाजूकच जात ती." हे मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

फायरफिश बुजरा आहे, पण नाजूक नाही. बोटाएवढा मासा, पुढून पांढरट-पिवळा, शेपटीकडे लालभडक. पाठीवरचा लांब काटेरी पंख सारखा वरखाली करत असतो. समुद्रात तो आपल्या बिळाच्या तोंडाशी, प्रवाहाकडे तोंड करून तरंगत राहतो आणि वाहत येणारे बारीक जीव टिपतो. वर सावली हलली की क्षणात बिळात. त्याची सारी सुरक्षितता त्या बिळात असते. आपल्या जुन्या, जमलेल्या टाकीत तो येतो तेव्हा प्रत्येक कपारीला आधीच मालक असतो.

हा मालक बहुतेक वेळा निळा डॅमसेल असतो, म्हणजे एक छोटा पण भांडखोर समुद्री मासा. नवी टाकी सायकल व्हावी, म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू तिच्यात वाढावेत, म्हणून आधी डॅमसेल सोडा, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याची मुळीच गरज नाही. थोडा अमोनिया घालूनही जीवाणू वाढवता येतात. पण डॅमसेल तगतो, वाढतो आणि टाकी बळकावून बसतो. मग भर दुपारी, लख्ख दिव्यांखाली, तिथे फायरफिश सोडला तर तो पंपामागे दडतो किंवा उडी मारतो. सकाळी फरशीवर सापडतो. याला नाजूकपणा म्हणणे त्या माशावर अन्याय आहे.

मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे पिशवीतल्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मासा चेन्नईहून किंवा मुंबईहून बंद पिशवीत येतो. त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचून पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकते. पाण्यात अमोनियाही साचतो, पण कमी पीएचमुळे तो बहुतांशी अमोनियमच्या, कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर चढतो आणि त्याच अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होऊ लागते. म्हणून लांबून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत दोन दोन तास थेंब थेंब पाणी देत बसणे घातक आहे. पिशवी बंद असतानाच तरंगवून तापमान जुळवावे. दुकानातल्या पाण्याची खारटपणाची पातळी आधीच विचारून क्वारंटाइनच्या, म्हणजे नवा मासा काही दिवस वेगळा ठेवायच्या टाकीत तेवढीच ठेवावी. मग पिशवीतले पाणी बाहेरच ठेवून फक्त मासा आत घ्यावा.

क्वारंटाइन टाळू नये. समुद्री व्हाइट स्पॉट हा माशांवरच्या परजीवीचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की तो जावा म्हणून ती टाकी सुमारे अडीच महिने माशांशिवाय ठेवावी लागते. तांब्याचे औषध तिथे घालता येत नाही. प्रवाळ आणि कोळंबी मरतात.

यानंतर येते ती पेटी. भोके पाडलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी मी टाकीच्या आतल्या बाजूने काचेला लावते आणि आत पीव्हीसीचा एक एल्बो, म्हणजे नळाचा वाकडा तुकडा, ठेवते. नव्या माशाला तेच बीळ. पहिल्या संध्याकाळी डॅमसेल पेटीवर धडका देतो, पंख फुगवून तिरका उभा राहतो. एल्बोच्या तोंडाशी नुसते दोन डोळे दिसतात. धुतलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पिपेटने सोडले की फायरफिश अर्धा बाहेर येतो, एक तुकडा उचलतो, थुंकतो, पुन्हा उचलतो. हे पाहताना माझा हात काचेवरून हलत नाही. जुने मासे पेटीकडे दुर्लक्ष करू लागले आणि नवा आत नीट खाऊ लागला की मगच पेटी उघडायची, तीही जुन्यांना पोटभर घालून, दिवे मालवल्यावर. त्याआधी हलवता येतील ते एक-दोन खडक हलवावेत, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी विस्कटतात. वर बारीक जाळी हवीच. एप्रिल-मेमध्ये, पाणी थंड ठेवणारा चिलर नसेल तर, बुजरा मासा आणूच नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि त्यात धास्ती. पावसाळा सुरू होऊ द्यावा.

क्लाउनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच साधली आहे. फायरफिश मात्र बहुतेक सगळे समुद्रातून पकडूनच येतात. आपल्याकडे मेलेला जवळजवळ प्रत्येक फायरफिश एखाद्या खऱ्या प्रवाळावरून उचललेला असतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

म्हणून शहरातल्या विक्रेत्यांना माझी विनंती आहे: पिशवी बांधण्याआधी ग्राहकासमोर माशाला खायला घालून दाखवा. खात नसेल तर विकू नका. मी आगाऊ पैसे देऊन मासा दुकानातच ठेवायला सांगते आणि खाताना पाहिल्यावरच घरी आणते. ही सोय न मागताही प्रत्येक ग्राहकाला मिळायला हवी.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे